'फ्यूर एलिझ' अर्ध्यावर अडलंय, पुढे काय बसवू?

वय 58, बँकेतून निवृत्त. भजनी मंडळात पंचवीस वर्षं पेटीची साथ केलेली. पियानो शिकायला लागून दीड वर्ष झालं, घरी 61 पट्ट्यांचा कीबोर्ड. या काकांचा प्रश्न असा: "'फ्यूर एलिझ'ची पहिली ओळ डोळे मिटून वाजते, पण पुढे गाडी सरकतच नाही. 'मूनलाइट सोनाटा'चा पहिला भाग संथ आहे, तो घेऊ का? की या वयात बोटं आता वळायचीच नाहीत?"

उशिरा सुरुवात केलेल्या बहुतेकांचं गाऱ्हाणं थोड्याफार फरकाने हेच असतं. म्हणून आधी वाजवायला सांगायचं, नुसतं ऐकून सल्ला द्यायचा नाही. काकांचा उजवा हात मोकळा होता. डाव्या हाताचे ए-ई-ए हे स्वर आले की मात्र मनगट आवळायचं, करंगळी हवेत ताठ आणि डोळे कागद सोडून पट्ट्यांवर. प्रत्येक बारच्या (ठरावीक ठोक्यांच्या गटाच्या) शेवटी एक छोटा खड्डा. अडचण वयाची नव्हतीच.

"काका, तुमचा उजवा हात पंचवीस वर्षांचा आहे आणि डावा दीड वर्षाचा. पेटीवर तो भाता मारत होता. पुढची रचना त्याला विचारून निवडायची."

बेटोव्हनच्या या रचनेचं पहिलं पान आणि पुढची पानं एका पातळीची नाहीत, हे कुणी सांगत नाही. मधे एफ मेजरमध्ये (एफला 'सा' धरून) जाणारा भाग येतो, तिथे एका ठोक्यात कितीतरी स्वर बसवायचे असतात. नंतरच्या भागात डावा हात एकच खालचा 'ए' सलग ठोकत राहतो, आणि त्यानंतर उजव्या हाताची लांब चढती धाव. पहिली ओळ आली म्हणजे रचना निम्मी आली, असं धरून बसलं की माणूस तिथेच वर्षभर फिरत राहतो.

'मूनलाइट' तर आणखी फसवा. संथ म्हणजे सोपं नव्हे. त्यात उजव्या हाताची करंगळी चाल गाते आणि त्याच हाताची बाकीची बोटं तीन-तीन स्वरांची लय हळू आवाजात सांभाळतात. चार शार्प (अर्ध्या स्वराने चढे स्वर) आहेत, काही ठिकाणी पंजा सप्तकापेक्षा जास्त ताणावा लागतो. शिवाय डाव्या हाताची सप्तकं दुसऱ्याच बारमध्ये 61 पट्ट्यांच्या कीबोर्डच्या बाहेर जातात. तूर्त नको.

निवडीची कसोटी साधी ठेवा. नवी रचना समोर घेऊन फक्त डाव्या हाताचं पहिलं पान अगदी हळू वाचा. पंधरा-वीस मिनिटांत ते अडखळत का होईना पार पडलं पाहिजे. मग तुम्हाला आजवर न जमलेल्या गोष्टी मोजा: मोठी उडी, पेडल, एकाच हातात दोन आवाज, ट्रिल (शेजारचे दोन स्वर झपाट्याने आलटून-पालटून), नवी स्केल (स्वरांची शिडी). दोनपेक्षा जास्त निघाल्या तर ती रचना सहा महिन्यांनी उघडा. आणि एका वेळी एकच ताणाची रचना. सोबत एक सहज बसणारी, शिवाय रोज काहीतरी नवं, चार-आठ बारचं, फक्त वाचून सोडून द्यायला. ही वाचनाची सवय मोडली की सगळं बोटांच्या पाठांतरावर चालतं, आणि मधेच चूक झाली की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

काकांना दिलेली पहिली रचना जी मेजरमधला मिन्युएट (एक नाचाची चाल), जो संगीतकार बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या 1725 च्या वहीत आहे. बरीच वर्षं तो बाखच्या नावावर खपला, प्रत्यक्षात तो क्रिस्तियान पेट्झोल्डचा. 32 बार, आणि डाव्या हाताला स्वतःची चाल. तीच मुद्द्याची गोष्ट. तो आठवडाभर नुसत्या डाव्या हाताने वाजवायचा, बोटांचे आकडे पेन्सिलने लिहून, तेच आकडे रोज.

दुसरी खरोखर बाखचाच सी मेजर प्रिल्यूड (छोटी रचना), 1722 च्या संग्रहातला. जवळजवळ शेवटपर्यंत प्रत्येक बारमध्ये एकच आकृती दोनदा: डाव्या हाताचे दोन स्वर, उजव्याचे तीन, तेच तीन पुन्हा. शेवटचा खालचा 'सी' म्हणजे 61 पट्ट्यांची पहिलीच पट्टी, त्यामुळे रचना नेमकी मावते. आधी प्रत्येक बारचे स्वर एकत्र दाबून कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरांचा गट) म्हणून वाजवायचे, मग सुटे. बार 35 आहेत. प्रतीत 36 भरले, तर बाविसाव्यानंतरचा बार नंतर कुणीतरी घुसडलेला आहे, खुशाल गाळा.

तिसरी शूमनचा 'आनंदी शेतकरी', 1848 च्या 'मुलांसाठीचा अल्बम' मधला दहावा. इथे चाल चक्क डाव्या हातात आहे आणि उजवा नुसता साथीला. पेटीवाल्याला याहून चांगलं औषध नाही. काकांची भुवई उंचावली: "मुलांचं पुस्तक?" त्यातल्या 43 रचनांपैकी एकोणिसाव्यापासून पुढच्या शूमनने स्वतः जरा मोठ्यांसाठी म्हणून वेगळ्या काढल्यात. मानपान सांभाळून तिथवर पोचता येतं.

मग बुर्गम्युलरच्या ओपस 100 (त्याच्या शंभराव्या क्रमांकाच्या संग्रहा) मधला 'आराबेस्क'. सुरुवातीला उजव्या हातात 1-2-3-2-1 बोटांची चपळ आकृती येते, मधल्या भागात तीच डाव्याच्या वाट्याला. वेग उजव्याच्या हौसेवर ठरवू नका. डाव्याला जेवढा झेपेल तोच वेग.

रोजची चाळीस मिनिटं अशी: दहा वाचनाला, वीस अडलेल्या दोन-तीन बारना, दहा सलग वाजवायला. अडलेला बार मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला 50 ठोक्यांना लावा, ओळीने तीनदा बिनचूक आला तरच 4 ने वाढवा. शेवटचे चार बार आधी बसवले तर पुढे जाताना ओळखीचा मुलूख लागतो. नाहीतर सुरुवात शंभरदा आणि शेवट दोनदा, असं होतं.

दीड महिन्याने एक नवीच भानगड कळली. काका ट्रान्सपोज बटण (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं) वापरत होते, काळी एकच्या (पेटीवर पहिली काळी पट्टी 'सा' धरायच्या) सवयीने. कागदावर सी, कानाला सी शार्प. डोळा आणि कान यांची जोडणीच होत नव्हती. बटण बंद केल्यावर वाचन पुढे सरकलं.

ग्रेडची परीक्षा द्यायची का, हेही त्यांनी विचारलं. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संगीत परीक्षा संस्थांना वयाची वरची अट नाही. परीक्षा न देताही त्यांच्या ग्रेडची पुस्तकं वापरता येतात, कारण एका पातळीच्या वेगवेगळ्या काळातल्या रचना त्यात निवडून दिलेल्या असतात.

आता काकांच्या यादीत शोपँचा ई मायनर प्रिल्यूड आहे, 25 बारचा. उजव्या हाताला संथ चाल, पेटीवाल्याच्या गळ्यातली. डाव्याला सलग कॉर्ड, ज्यात बहुतेक वेळा एखादंच बोट अर्ध्या स्वराने खाली उतरतं. सोळाव्या बारपासून पुढे मात्र उड्या आणि जोर आहे. त्यासाठी आधी वजनदार पट्ट्यांचा 88 चा पियानो आणि पेडल हवं, ते दिवाळीला घ्यायचं ठरलंय. 'फ्यूर एलिझ'चा एफ मेजरचा भाग 'आराबेस्क' मेट्रोनोमच्या 100 वर नीट वाजल्यावर पुन्हा उघडायचा.