छत्रपती संभाजीनगरात देवळाईच्या पुढे नवीन स्कीममध्ये ३८ लाखांचा टू बीएचके आत्ता घ्यावा का, की भाव उतरेपर्यंत थांबावं?

भाव उतरतील म्हणून थांबणार असाल तर ते डोक्यातून काढून टाका. बीड बायपासच्या पलीकडे, सातारा-देवळाईत, बिल्डरने बोर्डावरचा रेट खाली आणलेला मी तरी पाहिला नाही. माल पडून राहिला की पार्किंग फुकट होतं, किचनच्या ट्रॉल्या मिळतात, रजिस्ट्रीचा खर्च ते करतात, पण फुटाचा आकडा तोच ठेवतात. खरा भाव चेकबुक घेऊन समोर बसल्यावरच कळतो. आणि दसऱ्यानंतर फुटाला दोनशे वाढणार, आजच ५१ हजार टोकन द्या, असं तुम्हाला सांगितलंय ना? मला २०१८ ला शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं. सरकारी रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर, बदलला तर १ एप्रिलला बदलतो. दसऱ्याला फक्त त्यांचा रेट बदलतो.

मी लिहायला बसले त्याला कारण आमचे दाजी. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे माहेरी जमतो आणि दरवर्षी पानावर बसल्या बसल्या ते म्हणतात, "हिनं तेव्हा ऐकलं असतं तर अडीच लाख वाचले असते." सगळे माना डोलावतात. मला वाढपातून बोलायला सवड होत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगते.

२०१८ ला आम्ही सिडकोत किरायाने राहत होतो. किराया साडेसात हजार. ह्यांची वाळूजला शिफ्ट ड्युटी, माझी जिल्हा परिषदेची शाळा. दाजींनीच ती साइट शोधली होती. टू बीएचके, ३२ लाख, २०२० च्या दिवाळीला ताबा. दाजींचं म्हणणं एकच, किराया म्हणजे पाण्यात घातलेला पैसा.

रविवारी साइटवर मंडप, चहा, रंगीत नकाशे, सगळं छान होतं. ब्रोशरवर १०५० फूट लिहिलेलं. मी कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, विचारलं तर तो पोरगा आधी हसला, मग म्हणाला, "सहाशे चाळीस, पण ताई, सगळे सेलेबलवरच बोलतात." सगळे बोलत असतील, म्हणजे जिना-लॉबीतला वाटा धरून वाढवलेल्या फुटांवर. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा, राज्यात १ मे २०१७ पासून लागू आहे आणि तेव्हापासून विक्री कार्पेटवर करायची, हा कायदा आहे. ३२ लाखांना १०५० ने भागलं की फुटाला तीन हजाराच्या आसपास येतात, ६४० ने भागलं की बरोबर पाच हजार. शेजारच्या दोन स्कीमशी तुलना करताना मी हाच दुसरा आकडा धरला आणि स्वस्त वाटणारी ही स्कीम तिघांत महाग निघाली.

मग मी शाळा सुटल्यावर एकटी परत गेले, पण साइटवर नाही, शेजारच्या तयार बिल्डिंगमध्ये. ज्यांना फ्लॅट घ्यायचाय त्यांनी हे करावंच. २०१८ चा पावसाळा आपल्याकडे कोरडा गेला होता, ऑक्टोबर संपता संपता सरकारने दुष्काळ जाहीर केला. मी गेले तेव्हा गेटवर टँकर हौदात पाणी सोडत होता. ड्रायव्हरला विचारलं, इथे रोज येता का? तो म्हणाला, आता रोज, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, बोअर दिवाळीलाच आटतात. पहिल्या मजल्यावरच्या एका मावशींनी घरात बोलावून मेंटेनन्सची वही दाखवली. एकट्या टँकरचे फ्लॅटमागे महिन्याला बाराशे पडत होते, एप्रिल-मेमध्ये दोन हजारांच्या वर. हा खर्च कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतो. हप्ता वीस वर्षांनी संपतो, टँकर कधी संपेल ते कोणी लिहून देत नाही. "जायकवाडी धरणाची लाइन येतेय" हे वाक्य सगळ्यांनीच ऐकलंय. नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, १६८० कोटींची योजना पुढे २७४० कोटींवर गेली. योजना चांगलीच आहे, ती व्हायलाच हवी होती. पण नळ तुमच्या बिल्डिंगला जोडलेला दिसेपर्यंत त्याचे पैसे फुटामागे मोजू नका.

तरीही मी फ्लॅट घ्यायला तयार होते. जागा हवेशीर होती, डोंगर दिसायचा, ह्यांनाही आवडली होती. बिघडलं ते कागदावर. मी म्हटलं, आधी अॅग्रीमेंटचा ड्राफ्ट द्या, वकिलाला दाखवते. तर उत्तर आलं, "आधी इसार, मग ड्राफ्ट." इसार किती? पाच लाख, तोही साध्या पावतीवर. रेराच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणजे जास्तीत जास्त ३ लाख २० हजार. हे मी बोलून दाखवलं तेव्हा दाजीच मला म्हणाले, "एवढा कायदा सांगायचा तर घर होत नसतं." मी उठले. ह्यांना घेऊन बाहेर आले.

पुढे काय झालं ते दाजी महालक्ष्म्यांना कधीच सांगत नाहीत. २०२० च्या दिवाळीचा ताबा २०२२ ला मिळाला. कोरोनात रेरा प्राधिकरणाने सगळ्यांनाच सहा महिने वाढवून दिले होते, ते वजा केले तरीसुद्धा उशीर झालाच. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी तिथेच बुक केला होता. त्या इतका काळ बँकेचं व्याजही भरत होत्या आणि किरायाही. आम्ही डिसेंबर २०२० मध्ये त्याच भागात राहती बिल्डिंग पाहून रीसेल घेतला, साडेचौतीस लाखांना, ६५५ कार्पेट. सोसायटी झालेली, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बिल्डिंग राहायला तयार असल्याचा महापालिकेचा दाखला, हातात.

दाजींचे अडीच लाख म्हणजे हा फरक. आता हिशेब बघा. २०१८ ला चालू बांधकामावर जीएसटी १२ टक्के होता, परवडणाऱ्या घरांना ८. आठच धरला तरी ३२ लाखांवर २ लाख ५६ हजार होतात. भोगवटा मिळालेल्या रीसेलला जीएसटी शून्य. फरक तिथेच फिटला. वर सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० स्टॅम्प ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केली होती, ते आमचे लाखभर वाचले. शिवाय त्या बाईंनी भरलं ते व्याज मी भरलंच नाही. दाजी, यात पाण्यात काय गेलं ते दाखवा.

तुमच्या ३८ लाखांकडे येते. कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असेल, म्हणजे साधारण ९६८ फुटांच्या आत, आणि किंमत ४५ लाखांच्या आत, तर आपल्या शहरात नव्या फ्लॅटला जीएसटी १ टक्का लागतो. सेल्सवाला ५ सांगत असेल तर का ते विचारा. स्टॅम्प ड्युटी महापालिका हद्दीत साधारण सहा टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सूट, तुमच्या बाबतीत ३८ हजार. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे कपाटं, पंखे, जाळ्या सोडून तीन लाख बाजूला लागतात, आणि ते बँक सहसा कर्जात धरत नाही.

स्कीमचा रेरा नंबर महारेराच्या वेबसाइटवर टाकून ताब्याची तारीख स्वतः वाचा. ब्रोशरवरची तारीख आणि तिथली तारीख वेगळी असू शकते. 'आमच्या स्कीमला रेरा लागत नाही' असं रो-हाऊसवाले सांगतात, आणि ५०० चौरस मीटरच्या आतली जमीन किंवा आठपर्यंतच घरं असतील तर ते खरंही असतं. पण मग तुमच्या बाजूने रेराचं संरक्षणही नाही, एवढं लक्षात ठेवून वकिलाची फी वाचवू नका. सातबारा काढा. 'वर्ग २', 'इनाम', 'मदतमाश', 'खिदमतमाश' असा एक जरी शब्द दिसला तर थांबा, ती जमीन विकायला सरकारी परवानगी लागत असू शकते. निजामाच्या काळापासूनच्या या नोंदी आपल्याकडे शहराच्या कडेच्या जमिनींवर पुष्कळ आहेत. देवस्थानची किंवा वक्फची जमीन असेल तर बिल्डर कितीही मोठा असो, तिथून उठा.

आणि भाव वाढतो म्हणजे काय, हेही दाजींच्याच उदाहरणाने सांगते. हर्सूलच्या पुढे त्यांचा वीस बाय तीसचा प्लॉट आहे, बाँडवर, म्हणजे रजिस्ट्री न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर, घेतलेला. दर महालक्ष्म्यांना त्याची किंमत वाढते. ऑरिक हे औद्योगिक शहर आलं, वाढली. समृद्धी महामार्ग सुरू झाला, वाढली. बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार म्हटल्यावर पुन्हा वाढली. भाचीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी विकायला काढला तेव्हा गिऱ्हाईक आलं, पण त्याच्या बँकेने कागद बघून कर्ज नाकारलं. रोखीवाला जो आला त्याने निम्म्याने मागितला. शेवटी फी ताईच्या दागिन्यांवर भरली गेली. गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांच्या कायद्यात, नियमित करून घ्यायचा रस्ता होता, २००१ च्या कायद्याची मुदत २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना, प्लॉटांना संधी दिली होती. दाजींनी तेव्हा शुल्क जास्त म्हणून फाइल दिली नाही. ज्या मालमत्तेवर पुढच्या माणसाला बँक कर्ज देत नाही तिचा भाव मी धरतच नाही.

आता एक सांगायला हवं. हे सगळं राहायला घर घेणाऱ्यांसाठी. तुमची बदलीची नोकरी असेल, किंवा मुलं पुण्याला जाऊन परत येणार नाहीत असं दिसत असेल, तर किरायानेच राहा, त्यात काही कमीपणा नाही. आणि तुमच्या स्कीमच्या बिल्डरचं आधीचं काम चांगलं असेल, आधीच्या बिल्डिंगमधले लोक स्वतःहून त्याचं नाव काढत असतील, तर माझ्या अनुभवावरून त्याला नाकारू नका. तसेही लोक या शहरात आहेत.

टोकन द्यायचंच ठरलं तर चेकनेच द्या, आणि पावतीवर 'कर्ज मंजूर न झाल्यास किंवा ड्राफ्ट मान्य न झाल्यास पूर्ण परत' हे वाक्य लिहून सही-शिक्का घ्या. हे वाक्य लिहायला तो तयार झाला तर पुढचं बोला. नाही झाला तर शेजारच्या बिल्डिंगमध्ये रीसेल शोधायला लागा, मेंटेनन्सची वही मागायला विसरू नका.