छोट्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक ऑगर घेताय? आधी पंप बघा

दादा, ऑगरची, म्हणजे जमिनीत खड्डा पाडायच्या गिरमिटाची साईज नंतर ठरवा, आधी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपाचा फ्लो, म्हणजे तो मिनिटाला किती तेल देतो ते बघा, मॅन्युअलमध्ये लिटर पर मिनिट लिहिलेला असतो. गणित सोपं आहे, समजा बाहेर मिनिटाला २० लिटर तेल मिळतंय आणि ऑगरची मोटर ४०० सीसीची आहे, म्हणजे एका फेऱ्याला ४०० सीसी तेल घेते, तर ऑगर मिनिटाला जेमतेम ५० फेरे घेणार, आणि तेलाचा दाब १५० बार असेल तर ताकद मिळते साधारण पावणेसात एचपी, मग ट्रॅक्टर २५ एचपीचा असला तरी काय उपयोग. एवढ्यावर कुंपणाच्या खांबाला ६ इंची, फार तर ९ इंची बरा, मुरमात १२ इंचीचा आग्रह धरू नका.

दुसरं म्हणजे ट्रॉली उचलायला जो एकच पाईप असतो त्यावर हे चालत नाही, तेल परत यायला दुसरी लाईन पाहिजे आणि डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह, म्हणजे तेल दोन्ही दिशांना सोडणारा व्हॉल्व्ह पाहिजे. तो असला की ऑगर दगडात अडकला तर लिव्हर उलटा टाकायचा, बाहेर येतो. माझ्या मते हायड्रॉलिक घ्यायचं खरं कारण हेच, कारण साध्या पीटीओवाल्यात, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणाऱ्यात, शिअर बोल्ट (जोर जास्त झाला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) तुटतो आणि मग पाना घेऊन हातानं उलटं फिरवत बसायचं.

दात बदलता येणारेच घ्या, वेल्ड केलेले नको. आणि हो, झाडांसाठी ओल्या काळ्या मातीत खड्डा घेतला तर भिंती गुळगुळीत घोटल्या जातात, मुळं बाहेर जात नाहीत, पहारीनं कडा नक्की खरवडा.

ऑगर फिरत असताना जवळ कुणालाही उभं करू नका, उपरणं गळ्यात असेल तर अजिबातच नाही.