जॉनी ग्रीनवूड नेमका किती वाद्यांचा वादक आहे, आणि त्याला एवढे अष्टपैलू का मानतात?

आपण विचारले आहे की रेडिओहेड या इंग्रज रॉक बँडचा गिटारवादक एवढीच ज्याची ओळख आहे, त्या जॉनी ग्रीनवूडला लोक इतके अष्टपैलू का मानतात आणि त्याचे संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी. तो किती वाद्ये वाजवतो याची यादी सहज देता येईल: गिटार, बास, व्हायोला, चेलो, पियानो, हार्प, सिंथेसायझर आणि ओंड मार्तनो नावाचे एक दुर्मीळ विद्युत्-वाद्य. पण अशा यादीतून त्याचे मोठेपण कळत नाही. अनेक वर्षे त्याचे संगीत ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की वाद्य कोणतेही असो, हा माणूस सतत एकाच गोष्टीच्या मागे आहे: दोन सुरांच्या मधली जागा, आणि तार छेडताना किंवा तारेवरून गज फिरताना सुराला चिकटून येणारी खरखर.

याची पहिली खूण रेडिओहेडच्या १९९२ च्या ‘क्रीप’ या गाण्यातच सापडते. ध्रुवपदाच्या अगदी आधी गिटारचे जे कर्कश आघात येतात, ते त्याचे आहेत. गाणे त्याला फार मवाळ वाटत होते, म्हणून त्याने दाबून धरलेल्या तारांवर जोरात हात मारला. त्या आघातांना सूर म्हणावा असा सूर जवळजवळ नाही, तरीही ते काढून टाकले तर गाण्याचा कणाच निघून जाईल.

त्यानंतरची गोष्ट ओंड मार्तनोची आहे आणि तिथे थोडे थांबायला हवे, कारण माझ्या समजुतीप्रमाणे ग्रीनवूडचा सारा स्वभाव या एका वाद्यात दिसतो. फ्रान्सच्या मॉरिस मार्तनो यांनी १९२८ मध्ये ते लोकांसमोर आणले. वादक बोटात एक कडी घालतो आणि ती तारेला जोडलेली असल्यामुळे हात सरकेल तसा सूर अखंड सरकत जातो, तर डावा हात एका छोट्या कप्प्यातील कळीने आवाज कमी-जास्त करतो. आपल्याकडे ज्याला मींड म्हणतात ती या वाद्याला विजेच्या साहाय्याने साधते, आणि तीही गळ्यातून निघाल्यासारखी. शाळकरी वयात ग्रीनवूडने फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांची ‘तुरंगलीला’ सिंफनी ऐकली (नाव संस्कृतातून घेतलेले आहे) आणि त्यातील या वाद्याने त्याला झपाटले. रेडिओहेडच्या २००० सालच्या ‘किड ए’ या अल्बममधील ‘हाऊ टू डिसअपिअर कम्प्लीटली’ या गाण्यात ते वाद्य आणि त्याने स्वतः रचलेला तंतुवाद्यांचा समूह एकमेकांत असे मिसळतात की वीज कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होते, हे आजही मला सांगता येत नाही. शेवटाकडे तारा जणू सुरावरून घसरू लागतात आणि गायक थॉम यॉर्कचा आवाज त्यांच्यावर तरंगत राहतो. याच अल्बममधील ‘ईडियोटेक’ हे गाणे ग्रीनवूडच्या सुमारे ५० मिनिटांच्या सिंथेसायझर-प्रयोगातील एका छोट्या तुकड्यातून उभे राहिले. त्या तुकड्यात पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या १९७३ च्या संगणकीय रचनेतील स्वर होते. पन्नास मिनिटांच्या गोंगाटात आपल्या उपयोगाचे काय आहे हे कानाने हेरणे, हीसुद्धा मी वादनाइतकीच मोठी कला मानतो.

वाद्यवृंदाकडे तो वळला, तेव्हा पोलंडचे संगीतकार क्षिश्तोफ पेंदेरेत्स्की हे त्याचे दैवत होते. हिरोशिमाच्या बळींसाठी त्यांनी ५२ तंतुवाद्यांची जी रचना केली, तिच्यात सूर सुटे ऐकू येतच नाहीत, त्यांचे दाट ढग ऐकू येतात. २००५ मध्ये ग्रीनवूडने बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रासाठी ‘पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर’ ही रचना केली, तिच्यात हा प्रभाव स्पष्ट आहे, आणि काही ठिकाणी तो गरजेपेक्षा जास्त आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. मात्र तिचे काही भाग २००७ च्या ‘देअर विल बी ब्लड’ या चित्रपटात आले आणि तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या माणसाच्या ओसाड जमिनीवर ते सरकते सूर पसरले, तेव्हा त्यांना त्यांचे हक्काचे घर मिळाले. आधीच्या रचनांचा वापर असल्यामुळे ते संगीत ऑस्करच्या स्पर्धेत धरले गेले नाही. पुढे ‘फँटम थ्रेड’ आणि ‘द पॉवर ऑफ द डॉग’ या चित्रपटांसाठी त्याला नामांकने मिळाली. पहिल्यातील संगीत मखमली आणि शृंगारिक आहे. दुसऱ्यात त्याने चेलो बँजोसारखा बोटांनी छेडला आहे, त्यामुळे कान अमेरिकेच्या ओळखीच्या पश्चिमी मुलखातले वाद्य शोधतो आणि त्याला तिथे काहीतरी बिनसलेले सापडते.

२०१५ च्या ‘जुनून’विषयी मला विशेष जिव्हाळा आहे. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर आणि राजस्थानी वादक-गायकांबरोबर तो अल्बम ध्वनिमुद्रित झाला. जगप्रसिद्ध बँडचा माणूस सोबत असूनही त्याचे गिटार बहुतेक वेळ मागे बसलेले असते, कव्वालांना आणि पितळी वाद्यांना पुढे जाऊ देते आणि लय भरून काढते. गायकाच्या मागे सारंगी जशी आपली पायरी ओळखून वाजते, तसा हा संयम आहे, आणि ग्रीनवूडच्या अष्टपैलूपणाची हीच बाजू सर्वात कमी बोलली जाते.

सुरुवात करण्यासाठी मी आपल्याला वर सांगितलेले ‘हाऊ टू डिसअपिअर कम्प्लीटली’ हेच गाणे सुचवेन, आणि तेही हेडफोन लावून. त्यानंतर रेडिओहेडचे २०१६ चे ‘बर्न द विच’ हे गाणे ऐकावे. त्यातील तंतुवाद्ये गिटारच्या नखीने छेडलेली आहेत, त्यामुळे व्हायोलिनांचा ताफा एखाद्या अस्वस्थ तालवाद्यासारखा धडधडतो. मग ‘फँटम थ्रेड’चे संगीत चित्रपट न पाहता ऐकावे, आणि शेवटी यॉर्क व ड्रमवादक टॉम स्किनर यांच्याबरोबर त्याने काढलेल्या ‘द स्माइल’ या त्रिकुटाचा २०२२ चा पहिला अल्बम. त्यातील विषम मात्रांच्या लयींवर त्याचे गिटार झरझर धावते. तिथे पोहोचल्यावर पुन्हा एकदा ‘क्रीप’ लावून ते दोन-तीन आघात ऐकावेत.