जनावर बोलत नाही, मग पशुवैद्याला आजार कळतो कसा? की सगळं अंदाजानंच चालतं?

प्रश्न विचारणाऱ्यांनी पुढं असंही लिहिलंय की माणूस निदान कुठं दुखतंय ते सांगतो, जनावराच्या बाबतीत तेही नाही. मग मुलाला या शिक्षणाला घालावं का? शिक्षणाचं शेवटी लिहितो. आधी त्या 'अंदाजानं'बद्दल.

अंदाजानं सुई टोचणारे गावोगाव आहेत, आणि त्यांनी करून ठेवलेलं निस्तरायला नंतर आम्हालाच बोलावतात. पण ज्याला तपासणी येते त्याला जनावराकडून भरपूर कळतं. अडचण बहुतेक वेळा मालकाच्या सांगण्यात असते.

वाळवा-पलूस पट्ट्यातली नेहमीची केस घ्या. संकरित जर्सी गाय, चौथं वेत (बाळंतपण), काल संध्याकाळी व्यायली, आज सकाळी बसलीय ती उठत नाही. फोनवर निरोप येतो, "थंडी भरलीय, तापाचं इंजेक्शन घेऊन या." गोठ्याच्या दारातूनच बघायचं ते मानेकडं. मान एका कुशीला वळवून डोकं बरगड्यांवर टेकवलेलं असतं, सरळ केलं तरी पुन्हा तिकडंच जातं. निरोगी गाईच्या नाकाडावर ओलाव्याचे थेंब असतात, हिचं कोरडं पडलेलं. कान गार, पायही गार. थर्मामीटर गुदद्वारात घालून आतल्या भिंतीला टेकवायचा. शेणात खुपसला तर आकडा चुकतो. गाईचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, इथं ते १०० च्या खाली गेलेलं. म्हणजे ताप नाहीच, आणि त्यावर तापाचं इंजेक्शन दिलं की आधीच गार पडलेल्या जनावराची वेळ फुकट जाते. मग डाव्या भकाळीत (बरगड्यांमागच्या खळग्यात) मूठ दाबून दोन मिनिटं थांबायचं. एरवी तेवढ्या वेळात पोट दोन-तीनदा मुठीला वर ढकलतं, इथं काहीच हालचाल नाही. हृदयाचे ठोके जलद, पण क्षीण. शेण रात्रीपासून टाकलेलं नाही.

एवढं बघितल्यावर रक्ततपासणीची वाट न बघता कॅल्शियम उतरलंय म्हणायला हरकत नसते. त्यामागचं गणित सोपं आहे. चिकाच्या (व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधाच्या) एका लिटरमध्ये साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि गाईच्या सगळ्या रक्तात एका वेळी असतं जेमतेम ३ ग्रॅम. दहा लिटर चीक काढला तर २० ग्रॅम गेलं. ते हाडांतून आणि आतड्यांतून भरून यायला हवं. वय वाढलेल्या गाईत ही यंत्रणा जागी व्हायला एक-दोन दिवस घेते. म्हणून पहिलारू कालवड सहसा बसत नाही, तिसऱ्या वेतापासून पुढच्या बसतात.

तरीही कॅल्शियमची बाटली शिरेतून लावण्याआधी कास बघायचीच. प्रत्येक सडाची एक-दोन धार हातावर घ्यायची. दूध पाण्यासारखं, कास गरम किंवा निळसर-गार, डोळे लाल आणि आत गेलेले, तर तो कासेचा विषबाधेपर्यंत गेलेला दाह आहे. अशा जनावराच्या शिरेत कॅल्शियम गेलं तर हृदय तिथंच थांबू शकतं. आणि गाय टवटवीत आहे, गव्हाणीतलं ओढून खाते, फक्त मागचे पाय फाकलेत, वासरू ओढून काढलेलं होतं, तर नस दबलीय किंवा खुबा निखळलाय. तिथं कितीही बाटल्या लावल्या तरी उपयोग शून्य.

कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली अंगाइतकी कोमट करून शिरेतून द्यायची, किमान पंधरा मिनिटं लावून, दुसऱ्या हातानं हृदयावर स्टेथोस्कोप धरून. ठोका चुकायला लागला की थांबायचं. बरोबर निदान असेल तर बाटली संपायच्या आतच खांद्याचे आणि कुशीचे स्नायू थरथरतात, ढेकर येते, नाकाडावर थेंब दिसतात, थोडं कडक शेण पडतं. गाय बोलत नाही म्हणणाऱ्यांनी हे उभं राहून बघावं.

आता मालकाचं सांगणं. "कालपासून" म्हणजे बऱ्याचदा तीन दिवसांपासून. "काही पाजलं नाही" म्हणजे तेल आणि गूळ पाजून झालेलं. बसलेल्या गाईला गिळता येत नाही, पाजलेलं सरळ फुप्फुसात जातं, आणि कॅल्शियमनं उठलेली गाय चौथ्या दिवशी न्यूमोनियानं मरते. मग खापर बाटलीवर! माझा नियम असा की पुरुषमंडळी ओट्यावर काहीही सांगोत, शेणघाण कुणी काढली आणि धार कुणी काढली ते विचारायचं. ती बाई असते, ती मागं उभी असते, आणि शेण कधी पडलं, जार (वार) पडला का, वैरण कधी टाकली याचं नेमकं उत्तर तिच्याकडंच असतं.

डॉक्टर येईपर्यंत गाय आडवी पडू देऊ नका. छातीवर बसती ठेवा, कुशीला भुशाच्या पोत्याचा टेकू द्या, दर दोन-तीन तासांनी कूस बदला. कोबा असेल तर खाली जाड गवत किंवा माती घाला. सिमेंटवर एकाच कुशीवर सहा-सात तास गेले की खालच्या पायाचा स्नायू मरतो आणि मग कॅल्शियम भरूनही ती उठत नाही. बांबू घालून दहा जणांनी उचलणं बंद करा.

जुना वाद आहे तो चिकाचा. "कास पूर्ण मोकळी केली नाही तर सड जातात" असं डेअरीवर छातीठोकपणे सांगितलं जातं. माझ्या मते आधी एकदा बसलेल्या किंवा चौथ्या-पाचव्या वेताच्या गाईची कास पहिल्या दिवशी रिकामी करणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे. ३० किलोच्या वासराला दिवसभरात ३ लिटर चीक पुरतो, त्यातला पहिला वाटा दोन तासांच्या आत. तेवढाच काढा. हो, कासेला आधीच दाह असेल तर मात्र मोकळी करावीच लागते, तिथं माझं ऐकू नका.

दुसरी चूक, भाकड काळात (व्यायच्या आधी दूध बंद असतं तेव्हा) शेवटचे तीन आठवडे कॅल्शियमची पावडर चारणं. बाहेरून आयतं मिळालं की शरीर हाडांतून काढायचं विसरतं आणि व्यायल्यावर गाय बसते. पावडर व्यायल्यानंतर द्या. ऊसतोडीत महिनोनमहिने नुसती वाढी (उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला) घालणंही थांबवा. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. निम्मा तरी कडबा किंवा मका मिसळा.

शिक्षणाचं: 'नीट' (NEET) ही प्रवेश परीक्षा, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. सातारा जिल्ह्यात शिरवळला महाविद्यालय आहे. प्राण्यांची आवड असणं ठीक, पण मुलाला पहाटे पाच वाजता शेणात हात घालायची किळस नाही ना, हे आधी बघा. मांजर आवडतं म्हणून येणाऱ्यांना माणमधला खिलार खोंड पहिल्याच दिवशी घरी पाठवतो. त्याला बरोबर मागून गेलेला माणूस दिसत नाही. खांद्याच्या बाजूनं, आवाज देत जायचं असतं.

वरची बाटली वाचून कुणी स्वतः शिरेत सुई घालू नये. आणि एकदा उठलेली गाय दिवसभरात पुन्हा बसू शकते, तेव्हा डॉक्टरचा नंबर रात्रीही हाताशी ठेवा.