क्योटोला कधी जावे: चेरीचा बहर, लाल मेपल की मे महिन्यातली हिरवाई?

सत्तरीच्या घरातले आई-वडील आणि शाळकरी मुलगी यांना घेऊन चार-पाच दिवस क्योटो पाहायचे असेल, तर चेरीच्या बहरात जावे, पाने लाल होतात तेव्हा जावे की आणखी कधी, असा तुमचा प्रश्न आहे. मी नोकरीनिमित्त ओसाकात राहतो. क्योटो तिथून रेल्वेने अर्ध्या तासावर असल्याने सर्व ऋतूंत माझे तिकडे जाणे होते. तुमच्या कुटुंबासाठी माझे उत्तर असे, की गोल्डन वीक नावाची जपानी सुट्यांची रांग ५ मेच्या सुमारास संपते, त्यानंतर महिनाअखेरीपर्यंत कधीही जावे. आपल्याकडील शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुटीच असते, हा सोयीचा भाग झाला. पण तशी सोय नसती तरी मी हेच सुचवले असते.

आधी या शहराच्या हवामानाविषयी थोडे सांगतो. क्योटो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोलगट मैदानात वसलेले आहे. इ.स. ७९४ मध्ये राजधानी इथे आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राट तोक्योला जाईपर्यंत इथेच राहिली. पण राजधानीला आडोसा देणाऱ्या याच डोंगरांमुळे इथला उन्हाळा कोंदट आणि हिवाळा झोंबरा असतो. ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान सरासरी ३३-३४ अंशांवर जाते आणि बऱ्याच दिवशी ३५च्या वर राहते, तर जानेवारीत पहाटे ते एक-दोन अंशांपर्यंत उतरते. मे महिन्यात मात्र दुपारी २५ अंश आणि पहाटे १४-१५ अंश असा सुखावह हिशेब असतो. क्योटो हे पायी पाहायचे शहर आहे आणि इथल्या बहुतेक मंदिरांत चढ, पायऱ्या व खडीच्या वाटा असतात. त्यामुळे वयस्कर माणसे सोबत असताना या आकड्यांना फुलापानांहून अधिक महत्त्व द्यावे असे मला वाटते.

चेरीची ओढ सर्वांनाच असते आणि ती रास्तही आहे. अडचण तारखांची आहे. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीनुसार क्योटोतील चेरी ४ एप्रिलच्या सुमारास पूर्ण बहरते. २०२१ मध्ये मात्र ती २६ मार्चलाच पूर्ण बहरली होती. जुन्या दरबारी रोजनिशींच्या आधारे इथल्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून जुळवलेल्या आहेत आणि त्या साऱ्या नोंदींत इतका लवकर बहर त्याआधी कधी आलेला नव्हता; आधीचा विक्रम १४०९ सालचा, २७ मार्चचा होता. पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो आणि मध्येच वारा सुटला किंवा पाऊस झाला तर तेवढाही टिकत नाही. भारतातून येणाऱ्या कुटुंबाला विमानाची तिकिटे आणि हॉटेल कित्येक महिने आधी ठरवावे लागते आणि तेव्हा बहराची तारीख सांगणे कोणालाच शक्य नसते. त्यात हॉटेलांचे दर चढलेले असतात, बसमध्ये उभे राहायलाही जागा मिळत नाही आणि तुमच्या मुलीची वार्षिक परीक्षा नेमकी त्याच सुमारास येते. एवढे असूनही चेरीच पाहायची असेल, तर निन्नाजी मंदिरातील ठेंगणी, उशिरा फुलणारी झाडे लक्षात ठेवावीत; शहरातील इतर चेरी ओसरू लागते तेव्हा, साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ती भरात येतात आणि त्यांची फुले डोळ्यांच्या उंचीवर असतात.

शरद ऋतूतील लाल पाने चेरीपेक्षा अधिक दिवस टिकतात, म्हणून तारखांचा धोका कमी असतो. मात्र दिवाळीच्या सुटीत ती दिसतील अशी अपेक्षा ठेवून बरेच जण येतात आणि त्यांची निराशा होते, कारण शहरातील मेपल नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रंगू लागतो आणि ऐन भर शेवटच्या आठवड्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आली असेल, तर शहराबाहेरच्या डोंगरांतील ताकाओ किंवा ओहारा येथे जावे, तिथे थंडी आधी पोहोचते आणि पानेही आधी रंगतात. ऐन भरातली गर्दी कशी असते हे तोफुकुजी मंदिरात कळते. तिथे मेपलने भरलेल्या घळीवरून त्सुतेनक्यो नावाचा छप्पर असलेला लाकडी पूल जातो. नोव्हेंबरअखेरीच्या सुटीच्या दिवशी त्या पुलावर माणसे खांद्याला खांदा लावून हळूहळू पुढे सरकत असतात आणि रांग अडू नये म्हणून पुलावर फोटो काढायलाही मनाई केली जाते. वृद्ध आई-वडिलांना त्या रांगेत उभे करावे असे मला वाटत नाही.

त्याच पुलावर मेच्या मधल्या दिवसांत सकाळी गेलात, तर कठड्याला टेकून हवा तितका वेळ उभे राहता येते. खाली घळभर मेपलची नवी पाने असतात, बाळाच्या तळव्याएवढी आणि इतकी पातळ, की ऊन त्यांच्यातून आरपार येऊन खालचे शेवाळही पोपटी दिसू लागते. नीट पाहिले तर पानांच्या टोकांशी लालसर पंखांची जोडबीजे लटकलेली दिसतात; मुलीला ती अवश्य दाखवा. या मंदिरात चेरीची झाडे जवळजवळ नाहीत. चेरीपायी इथे मौजमजा करणाऱ्यांचा अड्डा होईल, या काळजीने चित्रकार भिक्षू मिंचो याने शोगुनकडे, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाकडे, विनंती करून ती तोडवून घेतली, अशी कथा सांगतात. त्यामुळे इथे वसंताचा सारा भार मेपलच्या पालवीवर आहे आणि माझ्या दृष्टीने क्योटोचे सर्वांत सुंदर रूप तेच आहे.

तोफुकुजी हे क्योटो स्थानकावरून जेआर (जपान रेल्वे) नारा मार्गावरचे पहिलेच स्थानक आहे. दुसरे स्थानक इनारी, म्हणजे हजारो केशरी तोरणांचे (उभ्या कमानींचे) फुशिमी इनारी देवस्थान. बसच्या गर्दीत शिरायची गरजच पडत नाही. हे देवस्थान दिवसरात्र खुले असते आणि प्रवेशशुल्क नाही. मे महिन्यात पाचच्या आधीच उजाडते, म्हणून सहा-साडेसहाला तिथे पोहोचावे. आई-वडिलांनी दाट तोरणांच्या पहिल्या टप्प्यानंतर परतावे आणि तुम्ही मुलीसह हवे तितके वर चढावे. याच मार्गावर पुढे उजी आहे. मेच्या आरंभी तिथे नव्या चहाची खुडणी सुरू होते आणि दुकानांत त्या वर्षीचा ताजा हिरवा चहा येतो. तिथल्या ब्योदोइन मंदिरातील १०५३ सालचा फिनिक्स मंडप जपानच्या दहा येनच्या नाण्यावर आहे. नाणे मुलीच्या हातात देऊन मंडप दाखवला, तर तिला तो कायमचा लक्षात राहील.

शक्य झाल्यास १५ मे हा दिवस प्रवासात धरावा. त्या दिवशी आओई मात्सुरी या उत्सवाची मिरवणूक जुन्या राजवाड्यातून निघून शिमोगामो देवस्थानमार्गे कामिगामोला जाते. हेआन काळातील (साधारण नववे ते बारावे शतक) दरबारी पोशाख केलेले पाचशेहून अधिक लोक, घोडे आणि फुलांनी सजवलेली बैलांची गाडी असा तो थाट असतो. गाडीची काळी लाखेची उंच चाके करकरत जवळ येतात आणि रस्त्याकडेची माणसे आपोआप गप्प होतात. राजवाड्याच्या आवारात पैसे भरून खुर्च्या मिळतात, ज्येष्ठांसाठी त्या घ्याव्यात. पाऊस असल्यास मिरवणूक दुसऱ्या दिवशी निघते, हे ध्यानात ठेवून एक दिवस मोकळा ठेवावा.

मे महिन्याचे दोन तोटेही सांगितले पाहिजेत. हा शाळांच्या सहलींचा हंगाम असतो; किंकाकुजी आणि कियोमिझुदेरा या मंदिरांत ऐन सकाळी गणवेशातील मुलांचे मोठे गट येतात. कियोमिझुदेरा सकाळी सहाला उघडते, तेव्हाच जावे. किंकाकुजी नऊला उघडते, तिथे दुपारी उशिरा गेलेले बरे. दुसरे म्हणजे एखादा दिवस पावसाचा निघतोच. त्या दिवसासाठी सांजुसांगेन्दो मंदिर राखून ठेवावे. सुमारे १२० मीटर लांबीच्या त्या लाकडी दालनात कान्नोनच्या, म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती आहेत आणि त्यांच्यासोबतच्या अठ्ठावीस रक्षकांत आपल्याकडून बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या देवता आहेत. त्यांतला बासरी वाजवणारा गरुड पाहून तुमचे आई-वडील नक्की थबकतील.

बाकीच्या ऋतूंविषयी थोडक्यात. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यानंतरपर्यंत पावसाळा असतो. शेवाळाच्या बागा तेव्हा फार खुलतात, पण ओल्या दगडी पायऱ्या ज्येष्ठांसाठी धोक्याच्या. १७ जुलैची गिओन मात्सुरीची रथयात्रा आयुष्यात एकदा तरी पाहावी अशीच आहे. चौकात रथ वळवण्यासाठी चाकांखाली बांबूच्या ओल्या पट्ट्या अंथरतात आणि सुमारे बारा टनांचा रथ दोर लावून आडवा ओढतात, तेव्हा सारा रस्ता श्वास रोखून पाहत असतो. तरीही त्या उन्हात तासन्‌तास उभे राहणे तुमच्या आई-वडिलांना झेपणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गर्दी सर्वांत कमी आणि हॉटेले स्वस्त असतात. मात्र मंदिरात बूट काढून लाकडी जमिनीवर चालताना मोज्यांतूनही थंडी पायांत चढते आणि दिवस लहान असल्याने पाचच्या आत बहुतेक दारे बंद झालेली असतात.

मे जमलाच नाही, तर डिसेंबरचा पहिला आठवडा घ्यावा. तेव्हा उरलेली लाल पाने मिळतात, गर्दीचा जोर ओसरू लागलेला असतो आणि स्वेटरवर भागते; फक्त मुलीच्या शाळेची रजा काढावी लागेल. दोन्हींपैकी काहीही ठरवले, तरी क्योटोचा मुक्काम सोमवार ते गुरुवार ठेवावा आणि शनिवार-रविवार ओसाकाला द्यावेत, कारण आठवडाअखेरीस हॉटेलांचे दर आणि गर्दी दोन्ही वाढतात.