अकरावं षटक ते चाळिसावं

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. प्रश्न दोनच, पण दोन्हींच्या आधी ‘काका, रागावू नका’ लिहिलंस, म्हणजे रागावण्यासारखं काहीतरी आहे हे तुलाच वाटतंय. एक, पन्नास षटकांच्या क्रिकेटवर लिहायला शिकण्यात अर्थ आहे का, की हा खेळ आता चार दिवसांचा सोबती? दोन, आजोबांनी वाढदिवसाला दिलेलं गांधीजींचं आत्मचरित्र दीडशेव्या पानाशी अडलंय, तर कंटाळा येतो म्हणणं पाप आहे का?

पाप नाही. कॉलेजात असताना मीही ते अर्धवटच मिटलं होतं. आमच्या घरी ते देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असायचं, त्यामुळे मी ते पोथीसारखं उघडलं आणि पानोपानी सुविचार हुडकत बसलो. पंधरा वर्षांनी शाळेत शिकवायला लागल्यावर पुन्हा हातात घेतलं, तेव्हा त्यात एक शाळकरी मुलगा भेटला. त्याला क्रिकेट अजिबात आवडत नव्हतं!

तो भाग तू वाचलायस, पण घाईत. पुन्हा काढ. राजकोटच्या हायस्कुलात दोराबजी एदलजी गिमी हे पारशी हेडमास्तर. त्यांनी वरच्या वर्गांना कसरत आणि क्रिकेट सक्तीचं केलं. मोहनदासाला दोन्हींचा तिटकारा. शाळा सुटली की घरी जाऊन आजारी वडिलांची सेवा करायची असे. एका शनिवारी सकाळची शाळा होती आणि कसरतीला दुपारी चारला परत यायचं होतं. घड्याळ नव्हतं, आभाळ भरून आलेलं, वेळेचा अंदाज चुकला. पोचला तेव्हा मैदान रिकामं. दुसऱ्या दिवशी गिमींनी विचारलं, त्याने खरं ते सांगितलं, त्यांनी मानलं नाही आणि एक-दोन आण्यांचा दंड केला. पोरगा रडला. दंडाचं दुःख नव्हतं, आपण खोटारडे ठरलो याचं होतं. आता म्हातारपणी लिहिताना या प्रसंगातून त्यांनी काय काढलं ते बघ. हेडमास्तरांवर ठपका नाही. खरं बोलणाऱ्याने गाफील राहून चालत नाही, असं म्हणून ते स्वतःकडेच वळतात. शिवाय खेळाची नावड ही आपलीच चूक होती, हेही कबूल करतात.

मला हे पुस्तक अशा जागी आवडतं. आफ्रिकेत धोब्याचा खर्च वाचवायला स्वतः कॉलर धुतली, खळ जास्त झाली, इस्त्री नीट तापली नव्हती, आणि कोर्टात उभे असताना कॉलरमधून खळ गळतेय, वकील मित्र हसतायत. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला म्हणून आरशासमोर स्वतःच कापले, तर मागची बाजू उंदरांनी कुरतडल्यासारखी. आणि डर्बनच्या घरातला तो प्रसंग, लघवीचं भांडं उचलण्यावरून कस्तुरबांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेण्याचा. तिथे तुला संताप आला तर येऊ दे, मलाही येतो. फक्त एवढं ध्यानात ठेव की हे आपल्याला कळलं ते त्यांनीच लिहिलं म्हणून.

आणि सलग वाचू नकोस. ते तसं लिहिलेलंच नाही. ‘नवजीवन’ साप्ताहिकात १९२५ च्या नोव्हेंबरपासून १९२९ च्या फेब्रुवारीपर्यंत हप्त्याहप्त्याने येत होतं. प्रकरणं दोन-तीन पानांची आहेत. रात्री दोन वाच आणि झोप.

आता तुझं क्रिकेट. भविष्य मला विचारतेस, तर आधी माझी पत ऐक. २००७ साली आम्ही जोहान्सबर्गला वर्ल्डकप जिंकलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये छातीठोक सांगितलं होतं की वीस षटकांचं हे खूळ दोन वर्षांत ओसरेल. पुढच्याच उन्हाळ्यात आयपीएल आली. आमचे पीटीचे सर मला अजून त्यावरून चहा पाजायला लावतात.

ज्याला आज आपण जुनं आणि जड म्हणतोय, तो एकदिवसीय सामना तरी कुठे कुणी ठरवून जन्माला घातला? मेलबर्नची कसोटी पावसात वाहून गेली म्हणून ५ जानेवारी १९७१ ला आठ चेंडूंच्या चाळीस षटकांचा एक सामना लावला. वेळ मारून न्यायची सोय होती ती. हे कसं खेळायचं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. १९७५ ला लॉर्ड्सवर गावसकर साठ षटकं खेळून १७४ चेंडूंत ३६ नाबाद राहिले. आणि ३१ ऑक्टोबर १९८७ ला आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाईन्सच्या मैदानावर, अंगात ताप असताना, त्यांनीच न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. मी होतो तिथे. त्याआधी चेतन शर्माने तिघांच्या दांड्या ओळीने उडवल्या होत्या, वर्ल्डकपमधली पहिली हॅटट्रिक. २२२ चं लक्ष्य आपण ३२.१ षटकांत गाठलं, आणि डब्यातली पोळी-भाजी तशीच घरी नेली म्हणून आईने झापलं.

माझा अंदाज विचारशील तर दोन देशांतल्या मालिका आटत जातील. पैसा लीगमध्ये आहे आणि कॅलेंडरला बाराच महिने आहेत. २०२३ च्या जानेवारीत आपली नवी लीग खेळवायची म्हणून दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियातली एकदिवसीय मालिका सोडली आणि वर्ल्डकपच्या पात्रतेचे गुणही घालवले. हे गुण ज्या सुपर लीगमध्ये मिळायचे ती नंतर बंदच केली, हे मला साफ चुकीचं वाटतं. गुण नसलेली मालिका म्हणजे पाणी घातलेली आमटी. पण वर्ल्डकप टिकेल. २०२७ ला आफ्रिकेत चौदा संघ खेळायचे आहेत.

नियमही हलतायत. २०११ पासून दोन्ही टोकांनी वेगळा नवा चेंडू, त्यामुळे कुठलाच चेंडू पंचवीस षटकांपेक्षा जुना व्हायचा नाही आणि रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुन्या चेंडूचं हवेत उलट्या दिशेला वळणं, जवळजवळ संपला. २०२५ च्या जुलैपासून चौतीस षटकं झाली की दोघांपैकी एकच चेंडू ठेवायचा. म्हणजे शेवटचं षटक संपताना तो तेहतीस षटकं जुना असेल. गोलंदाजाच्या ताटात कित्येक वर्षांनी काहीतरी वाढलंय.

लोक म्हणतात, अकरा ते चाळीस ही मधली षटकं कंटाळवाणी. ७ नोव्हेंबर २०२३, वानखेडे. अफगाणिस्तानच्या २९१ समोर ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१. मी टीव्ही बंद करून जेवायला बसलो. (आयुष्यात जी दोन-तीन जेवणं परत करावीशी वाटतात, त्यातलं ते एक.) मॅक्सवेलच्या २०१ सगळ्यांना पाठ आहेत, तो पायात गोळे येऊन जागेवरून हलत नव्हता तेही. तू समोरच्या टोकाचा आकडा बघ: कमिन्स, ६८ चेंडूंत १२. दोघांनी मिळून २०२ ची अभेद्य भागी केली. वीस षटकांच्या डावात एकूण चेंडूच १२०. तिथे ६८ चेंडूंत १२ करणाऱ्याला स्वतःच्या ड्रेसिंगरूममधून शिव्या पडतील. इथे त्यानेच सामना जिंकून दिला.

आणि तू, मुलगी असून, फक्त पुरुषांच्या वेळापत्रकावरून हा खेळ मेला म्हणतेस? बायकांचा वर्ल्डकप १९७३ चा, पुरुषांच्या दोन वर्षं आधीचा. त्यांना कसोट्या वर्षाकाठी जेमतेम एखाद-दुसरी मिळते, म्हणजे लांब पल्ल्याचं क्रिकेट त्यांच्यासाठी हेच. आपल्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चा पाठलाग करताना नाबाद १२७ केल्या आणि तीन दिवसांनी, २ नोव्हेंबर २०२५ ला, नवी मुंबईत मध्यरात्र उलटल्यावर दीप्ती शर्माने पाचवा बळी घेऊन कप आणला. ते तू रात्री जागून बघितलंस, मला मेसेज केलास.

थोडं वर्ध्याचंही ऐक. १९४० च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींना भेटायला तिथे गेली. हिंदू, पारशी, मुसलमान असे धर्मवार संघ खेळवणारी पंचरंगी स्पर्धा ही त्या काळची सगळ्यात मोठी गर्दी खेचणारी. गांधीजींनी सांगितलं, कॉलेजा-कॉलेजांतले सामने समजू शकतो, धर्माच्या नावाने संघ कशाला? १९४६ नंतर ती भरली नाही. पुष्कळांना तेव्हा वाटलं असणार की आता मुंबईचं क्रिकेट संपलं.

तर काम सांगतो. पुढचा एकदिवसीय सामना हायलाइट्समध्ये बघू नकोस. कपाटातली माझी स्कोअरबुकं ने. अकरा ते चाळीस ही तीस षटकं चेंडू-चेंडू लिही आणि कडेला पेन्सिलीने टिप की डीप मिडविकेटचा क्षेत्ररक्षक कधी मागे गेला, एकेरी धाव कुठे आटली, चौतीस षटकांनंतर कप्तानाने कुठला चेंडू ठेवला. लेख लिहू नकोस, नुसत्या नोंदी आण. पुस्तकालाही तीच पेन्सिल चालेल.

शेवटून दुसरं प्रकरण आपल्या नागपूरचं आहे, १९२० च्या अधिवेशनाचं. काँग्रेसनगर हे नाव त्याच्यावरूनच पडलं म्हणतात. तिथवर पोचलीस की फोन कर, त्याच बाजूला तर्री-पोहे खायला जाऊ. वही आण, आणि वेळेवर ये. आभाळ आलं होतं ही सबब मी ऐकणार नाही.

तुझा,
काका