अक्कलदाढ काढली, इम्प्लांटचे पैसे भरले. आता परत मिळतील?

प्रश्न : माझं वय 29. पुण्यात नोकरीला असताना एका डेंटल क्लिनिकमध्ये खालच्या दोन्ही अक्कलदाढा काढून घेतल्या. त्याचे 14,000 रुपये वेगळे दिले. टाके काढायला गेले तेव्हा ‘जागा रिकाम्या ठेवल्या तर बाकीचे दात सरकतील, गाल आत जातील’ असं सांगून तीन इम्प्लांटचं (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायचे कृत्रिम दात) 1,05,000 रुपयांचं पॅकेज गळ्यात मारलं. 25,000 यूपीआयने भरले, उरलेल्या 80,000चं कर्ज एका फायनान्स कंपनीकडून तिथल्या तिथे काउंटरवरच करून दिलं. एकही इम्प्लांट अजून बसवलेलं नाही. आता मी साताऱ्याला घरी असते. इथले डॉक्टर म्हणतात, अक्कलदाढेच्या जागी कुणी दात बसवत नाही. क्लिनिक म्हणतं, फॉर्मवर ‘रक्कम परत मिळणार नाही’ असं छापलंय आणि खाली तुमची सही आहे. हप्ते चालू आहेत. पोलिसांत जाऊ का? अंदाजपत्रकाचा फोटो पाठवते आहे. (कॉलेजात असताना डावीकडची एक किडकी दाढ काढली होती, पण तिचा इथे संबंध नसावा.)

उत्तर : ताई, संबंध आहे, आणि चांगलाच आहे. तुमच्या फोटोत तीन आकडे दिसतात : 36, 38, 48. दंतवैद्य तोंडाचे चार भाग करतात आणि प्रत्येक भागातले दात पुढून मागे 1 ते 8 असे मोजतात. पहिला आकडा भागाचा (3 म्हणजे खालचा डावा, 4 म्हणजे खालचा उजवा), दुसरा दाताचा. आठवा दात म्हणजे अक्कलदाढ. तेव्हा 38 आणि 48 या तुमच्या काढलेल्या अक्कलदाढा. 36 मात्र डावीकडची पहिली मोठी दाढ, वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी. कॉलेजात गेली ती बहुधा हीच.

हा फरक पैशाच्या हिशेबात उतरतो. पहिल्या मोठ्या दाढेवर चावण्याचा मोठा भार असतो. ती गेली की मागची दाढ त्या पोकळीकडे कलते आणि वरचा दात खाली उतरतो. तिथे इम्प्लांट किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) सुचवणं हा सरळ, रूढ सल्ला आहे. अक्कलदाढेच्या मागे कलायला दातच नसतो. वरची अक्कलदाढ शिल्लक असेल तर ती थोडी खाली येऊ शकते. त्यावर लक्ष ठेवतात किंवा तीही काढतात. शिवाय खालच्या अक्कलदाढेच्या मुळाशी ओठाला संवेदना देणारी नस जाते, आणि इतक्या मागे ब्रशही धड पोचत नाही. म्हणून तिथे इम्प्लांट सहसा करत नाहीत. मी वकील, डॉक्टर नव्हे. तेव्हा साताऱ्याच्या डॉक्टरांकडून हेच त्यांच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह आणि तिन्ही दातांबद्दल वेगवेगळं लिहून घ्या. ‘तिन्ही इम्प्लांट बोगस’ असं तक्रारीत लिहिलंत तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला 36 वर बोट ठेवील, आणि मग 38-48 बद्दलचं तुमचं खरं म्हणणंही पातळ होईल.

आता पोलीस. जाऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो, आणि डॉक्टरवर फौजदारी निष्काळजीपणा लावायचा तर तो घोर असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलंय. तुम्हाला इजा झालेली नाही. अक्कलदाढा काढण्यावरही भांडू नका. त्या दुखत होत्या की नव्हत्या ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण दुखऱ्या किंवा आडव्या अडकलेल्या दाढा काढणं हे नेहमीचंच काम आहे. ते 14,000 विसरा.

तुमची लढाई लहान ठेवा, कारण ती लहान आहे तोवर मजबूत आहे. न घेतलेल्या सेवेचे पैसे परत हवेत, एवढीच. निष्काळजीपणा म्हटलं की तज्ज्ञ, उलटतपासणी, दोन डॉक्टरांची दोन मतं असं गाडं सुरू होतं. इथे दातच बसवलेला नाही. करार कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या विधानामुळे दिलेली संमती असेल तर तो करार रद्द करण्याचा हक्क तुम्हाला आहे. क्लिनिकचा हेतू वाईट होता हे सिद्ध करण्याची गरज नाही. ‘रक्कम परत मिळणार नाही’ या छापील ओळीला मी फार घाबरणार नाही. त्याच कायद्याचं कलम 74 करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाई घेऊ देतं, सगळीच्या सगळी रक्कम गिळू देत नाही. तपासणी, स्कॅन, मापं यांचे पैसे मात्र ते कापून घेतील, आणि तेवढे द्यायला हरकत नसावी.

तुमची सही कोणत्या कागदावर आहे तेही बघा. दाढा काढण्याआधीच्या संमतीपत्रावर असेल तर ती इम्प्लांटची संमती होत नाही. एका उपचाराची संमती दुसऱ्याला चालत नाही, हे 2008 च्या समीरा कोहली निकालात स्पष्ट आहे.

दाद ग्राहक आयोगात मागायची. डॉक्टरांची, दंतवैद्यांचीसुद्धा, पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 1995 पासून (व्ही. पी. शांता निकाल) ठरलेलं आहे. 2019 च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा आयोगात करता येते. पुण्याच्या खेपा नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही (माझ्या धंद्याला हे सांगणं परवडत नाही, पण आहे खरं). मुदत दोन वर्षांची. मिळेल काय? मूळ रक्कम, व्याज, थोडी मनस्तापाची आणि खर्चाची भरपाई. लाखोंची स्वप्नं बघू नका.

त्याआधी दोन कागद पाठवा. पहिला, तुमच्या सगळ्या नोंदींची लेखी मागणी : एक्स-रे, केसपेपर, सह्या केलेले फॉर्म. दंतवैद्यांच्या आचारसंहितेनुसार नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या असतात. दुसरा, 30 दिवसांची मुदत देणारी नोटीस, स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही. तोवर समाजमाध्यमांवर क्लिनिकचं नाव घेऊन काही लिहू नका, उगाच बदनामीचा उलटा दावा ओढवेल.

हप्ते थांबवू नका. राग क्लिनिकवर असला तरी सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग तुमच्या नावाने पडेल. नोटिशीची प्रत फायनान्स कंपनीला द्या, कर्ज रद्द करून रक्कम क्लिनिककडून परत घ्या असं लेखी कळवा, आणि पुढे तक्रारीत तिलाही पक्षकार करा.

36 चं काय करायचं ते मात्र नोटीस काढण्यापूर्वी ठरवा. तिथेच करून घ्यायचं असेल तर मागणी 70,000 ची होईल, नाहीतर तपासणीचा खर्च वजा जाता पूर्ण रकमेची. तडजोडीला बसलात की क्लिनिक पहिला प्रश्न हाच विचारील.